कोंबड्याच्या तुऱ्यातला लाल

मणक्याचा टीबी झाला म्हटलं की लोक पाठीबद्दल विचारतात, पायांबद्दल विचारतात. डोळ्यांबद्दल कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही. चोवीस दिवस सांगितलं नाही. त्या चोवीस दिवसांसाठीच हे लिहायला बसलोय, पण तिथपर्यंत जायला आधीचं सगळं सांगावं लागेल.

शिडी

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. मी वीस वर्षांपासून रायपूरजवळच्या बीरगांवला आहे. उरला भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचो. वर केबिनमध्ये बसायचं आणि खाली तापलेल्या लोखंडाच्या कांबी उचलून इकडच्या तिकडे न्यायच्या. कांब नारिंगी आहे का गडद लाल, यावरून ती किती तापली आहे ते वरूनच कळायचं. कोणाला विचारावं लागत नसे.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता पाठ दुखायला लागली. सगळे म्हणाले, क्रेनचे धक्के आहेत, ऑपरेटरची पाठ दुखतेच. मी पट्टा बांधला. तेल लावलं. नाक्यावरच्या डॉक्टरकडून इंजेक्शनं घेतली. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, तो थकवा समजलो. पँट ढिली झाली तेव्हा माझी बायको रेखा म्हणाली, "काहून वाळून राहिले तुम्ही? डबा तर सगळा खाता." मी म्हटलं, आगीजवळ राहून वय दिसते आता.

दिवाळीनंतर एका दुपारी पाळी संपली आणि मी शिडीवरून उतरत होतो. डावा पाय खाली टाकला, पण पायरी लागली की नाही तेच कळेना. पाय माझाच होता, दिसत होता, पायरीवर टेकलेलाही दिसत होता. पण मला त्याची खबर नव्हती. दोन्ही हातांनी लोखंड धरून मी तसाच लटकत राहिलो. खालून कोणीतरी ओरडलं, "रामटेके भैया, क्या हुआ?" मी म्हटलं, कुछ नहीं. मग एकेक पायरी डोळ्यांनी बघत खाली आलो. ही "कुछ नहीं" म्हणायची सवय पुढे मला फार महागात पडणार होती.

कळलं तो दिवस

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मशीनमधून काढलेला फोटो काचेवर लावला आणि पेनाचं टोक टेकवलं.

"ये हड्डी देखिए, और ये देखिए. बीच में जगह होनी चाहिए."

मधात जागा नव्हती. दोन मणके एकमेकांत रुतले होते, आणि त्यांच्या कडा उंदरानं कुरतडलेल्या साबणाच्या वडीसारख्या दिसत होत्या. बाजूला एक पांढरट फुगा होता. तो पू होता.

"रीढ़ की टीबी है."

मी म्हटलं, मला खोकला नाही. ते म्हणाले, सगळ्या टीबीला खोकला नसतो. मग रेखानं विचारलं, "पैर चले जाएँगे क्या?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "अभी तो हिल रहे हैं ना," ते म्हणाले.

परत येताना ऑटोत रेखा माझ्या बाजूला बसली. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि शहरभर रस्ते खोदून ठेवले होते. प्रत्येक खड्डा आला की ती माझा खांदा घट्ट धरायची आणि खड्डा गेला की सोडायची. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. डॉक्टर "हिल रहे हैं" म्हणाले असते तर बरं झालं असतं. "अभी तो" कशाला म्हणाले?

वॉर्ड

दोन आठवडे भरती होतो. पू सुईनं काढला. बसायला परवानगी नव्हती. कुशीवर वळायचं तर दोघांनी धरून ओंडक्यासारखं एका दमात वळवायचं, पाठीला पीळ बसू द्यायचा नाही. सकाळी थर्मामीटर, मग फिनाइलचा वास, मग डॉक्टरांची फेरी. डॉक्टर पायाशी उभे राहून म्हणायचे, "अंगूठा हिलाइए." मी हलवायचो. मग तळव्याला पिन टोचायचे. "लगा?" लगा. तेवढ्यावर माझा दिवस बरा किंवा वाईट ठरायचा.

एक गोष्ट सांगून ठेवतो. गोळ्या सुरू झाल्या की लघवी नारिंगी होते. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, देव जाणे. मी ते पाहिलं आणि रक्त समजून रडलो. शेजारच्या खाटेवरचे साहूजी पोट धरून हसले. "सबके होथे भैया, डर झन," म्हणाले. म्हणजे सगळ्यांना होतं, घाबरू नको.

साहूजी साठीचे होते, आरंगकडचे. त्यांनाही मणक्याचाच टीबी होता, औषध सुरू होऊन आठ महिने झाले होते, आणि ते तपासणीपुरते भरती होते. दिवसभर गप्पा मारायचे. एकदा त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मला वेळ विचारली. घड्याळ चांगलं मोठं होतं. मी वेळ सांगितली. ते म्हणाले, "मोला धुंगिया-धुंगिया दिखथे." सगळं धुरातून बघितल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू असेल, म्हणाले, घरी गेल्यावर बघू. मी हो म्हटलं आणि विसरलो.

दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी डॉक्टरांनी वीस गोष्टी सांगितल्या. तीन महिने पाठ टेकून पडून राहायचं, गोळी चुकवायची नाही, हे खायचं, ते नाही. त्यातच होतं, "आँख में कुछ भी लगे तो फौरन बताना." मी मान हलवली होती. हे मला पक्कं आठवतं.

खिडकी

घरी पुढच्या खोलीत खिडकीपाशी खाट टाकली. माझा पगार थांबला म्हणून रेखानं पंडरीच्या कपडा बाजारात साड्यांच्या दुकानात काम धरलं. सकाळी नऊला जायची, संध्याकाळी आठला यायची. आमची मुलगी प्रणाली तेव्हा सातवीत होती. तिची शाळा दुपारची. म्हणजे दुपारी मी एकटा, खाटेखाली भांडं, हाताशी पाण्याची बाटली.

त्या भांड्याचं काम सकाळी रेखा करायची. वीस वर्षांच्या संसारात आम्ही कधी एकमेकांपुढे इतके उघडे पडलो नव्हतो. ती तोंड न वाकडं करता करायची, आणि त्याचाच मला राग यायचा. एकदा मी म्हटलं, "तू बोलत काहून नाहीस? शिव्या तरी दे." ती म्हणाली, "मले दुकानात जायला उशीर होते. शिव्या रविवारी देईन."

प्रणालीच्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. टीबीचं घर. हाडाचा टीबी असा लागत नाही हे कोणाकोणाला सांगणार? प्रणालीनं मला काही म्हटलं नाही. ती आमच्याशी हिंदीतच बोलते, मराठी समजते सगळी. तेव्हा हिंदीतही कमी बोलायला लागली होती.

सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी चादरीखाली डाव्या पायाचा अंगठा हलवून बघायचो. हलला की मग डोळे उघडायचो. दिवसात असं पन्नास वेळा करायचो. अंगठा हलवायचा, आणि हलला तो खरंच हलला की मला नुसतं वाटलं, हे बघायला चादर वर करायची.

शेळीचा कान

प्रणालीला शाळेतून पाळीव प्राण्यांचा तक्ता करायला सांगितला होता. खाटेजवळ बसून ती शेळी काढत होती. तिच्या शेळीला टेबलासारखे चार पाय होते.

मी म्हटलं, "मागचे पाय असे सरळ नसते बाई. तिथून मागं वाकते."

"तो आप ही बना दो ना," ती वैतागून म्हणाली, आणि वही, पेन्सिल, रंगपेटी माझ्या पोटावर ठेवून शाळेत गेली.

खिडकीबाहेर शेजारच्या दुलारी दीदीच्या शेळ्या बांधलेल्या असायच्या. महिनाभर मी त्यांच्याकडे बघत होतो, म्हणजे डोळे त्या बाजूला होते एवढंच. त्या दुपारी पहिल्यांदा नीट पाहिलं. मी चाळीशी ओलांडली होती आणि शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते हे मला माहीत नव्हतं. काळी शेळी काळी नसते हेही माहीत नव्हतं. पाठीवर आभाळाचा निळा होता, पोटाखाली मातीचा तपकिरी, आणि मानेवर जिथं ऊन पडलं होतं तिथं कुठलाच रंग नव्हता, नुसता उजेड.

मी कुशीवर होतो. वही उभी, रंग पातळ, सगळा ओघळून खालच्या कोपऱ्यात जमला. पहिली शेळी बुडाली. दुसरीही. तिसऱ्या वेळी मी ब्रश चिंधीला पुसून जवळपास कोरडा केला आणि फक्त एक कान केला. कडेचे केस, आतला गुलाबीपणा, टोकाजवळची चीर. बाकी शेळी नव्हतीच. पण तो कान त्या शेळीचा होता, दुसऱ्या कुठल्या शेळीचा नाही.

दुलारी दीदी शेळ्या सोडायला आली, तेव्हा मी वही खिडकीकडे धरली. तिनं गजांवर नाक टेकवून पाहिलं. "हव भैया! ये तो मोरेच छेरी के कान आय," ती म्हणाली. माझ्याच शेळीचा कान. आणि पदर तोंडावर धरून हसली.

प्रणाली घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझ्या लक्षात आलं की दुपारपासून मी अंगठा हलवून पाहिला नव्हता.

केस मोजणारा माणूस

त्यानंतर मला वेड लागलं. दुसरा शब्द नाही. शेळ्या, करडं, दारातलं पिवळं कुत्रं, गायीची नाकपुडी. रेखानं छातीवर टेकवायला प्लायवूडचा तुकडा आणला. आधी तिला बरं वाटलं, नवरा भिंतीकडे तोंड करून पडत नाही म्हणून. पंडरीहून येताना बारीक टोकाचा ब्रश आणला, जाड कागद आणला.

कोणी शिकवायला नव्हतं. चुकत चुकत कळलं. डोळ्यातली चमक रंगानं येत नाही, तेवढा कागद कोरा सोडावा लागतो. आणि एकदा तिथं रंग गेला की गेला. केस वरून काढायचे नसतात. खालचा रंग सुकला की वरून कोरडा ब्रश फिरवायचा, मग ते आपोआप उठतात. आणि जनावर थांबत नाही, तुम्हालाच थांबावं लागतं. मला तसंही कुठं जायचं नव्हतं.

त्रास फक्त बीरगांवच्या डस्टचा. कारखान्यांच्या चिमण्यांतून ती दिवसरात्र पडते. वाळत घातलेले कपडे, पानं, ताटं, सगळ्यांवर. सकाळी कोरा ठेवलेला कागद दुपारी राखाडी दिसायचा. पाण्याच्या वाटीवर काळी साय धरायची. मी फुंकर मारून काम करायचो. पुढे या डस्टनंच मला फसवलं. खरं म्हणजे मीच तिच्या नावावर स्वतःला फसवलं.

तीन महिन्यांनी फोटो काढला. मणके आणखी खचले नव्हते. छातीपासून कमरेपर्यंतचा कडक पट्टा बांधून मला उभं केलं. पाय थरथरले, पण माझे होते, जमीन लागत होती. रेखानं तिथंच भिंतीला कपाळ टेकवलं. घरी आल्यावर मी अंगणापर्यंत चाललो, दहा पावलं, आणि दुलारी दीदीच्या कोंबड्यापाशी खुर्ची टाकून बसलो.

चालायला लागल्यावर घरात भांडण सुरू झालं, हे लिहायला लाज वाटते. पडलेला होतो तोवर रेखानं काही अपेक्षा केली नव्हती. आता मी बसू शकत होतो, भात लावू शकत होतो, आणि मी कोंबडा काढत होतो. ती आठला घरी आली की गॅस थंड. एकदा पिशवी खाली ठेवून म्हणाली, "मी तिथं दिवसभर साड्या उलगडून राहिली, अन् घरात माणूस बकऱ्याईचे केस मोजून राहिला." मी म्हटलं, उद्या करतो. दुसऱ्या दिवशीही कोंबड्याची मान अर्धी राहिली होती.

एवढं आवडेल असं काही आयुष्यात येईल, तेही त्या वयात, त्या अवस्थेत, हे माझं मलाच खरं वाटत नव्हतं. म्हणून मी त्याला जपत होतो. घरच्यांपासूनसुद्धा.

चोवीस दिवस

मे महिना लागला. पहिला कोंबडा चांगला झाला होता. तुरा लालभडक, कडेला दाणेदार, ऊन आरपार गेलेला. प्रणालीनं शाळेच्या वहीत टाकतात तशी मागच्या बाजूला तारीख टाकली. ती सगळ्याच चित्रांवर टाकायची.

काही दिवसांनी दुसरा करायला घेतला, तेव्हा पेटीतली लाल वडी मळकी वाटली. डस्ट बसली असणार. वडी नळाखाली धरून धुतली. तरी तशीच. कोंबडाच मळला असेल म्हणून दुलारी दीदीला म्हटलं, याला आंघोळ घाल. ती हसली. मी नवी रंगपेटी मागवली. तिच्यातलाही लाल मेलेला. दुकानदार जुना माल देतो, म्हटलं.

मग रेखा एक ब्लाऊजपीस घेऊन आली. "पाहा, कसा आहे?"

"तपकिरी शोभते तुले," मी म्हटलं.

तिनं तो उजेडात धरला. "हा लाल आहे."

"लालच म्हटलं मी," मी म्हटलं.

त्यानंतर मला कळलं. इथून पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी पेटीतल्या वड्यांची जागा पाठ करून घेतली. डावीकडून दुसरी लाल. नंतर नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला. कोंबड्याच्या डोळ्याकडे सरळ बघितलं की डोळा नाहीसा व्हायचा, जरा बाजूला बघितलं की परत यायचा. मग मी बाजूला बघून चित्र काढायला शिकलो. डाळ निवडायचं काम माझ्याकडे होतं. एका संध्याकाळी रेखाच्या दाताखाली खडा आला, लगेच दुसरा आला. "लक्ष कुठं असते तुमचं?"

"कोंबड्यात," मी म्हटलं आणि हसलो.

का सांगितलं नाही? स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. रेखा म्हणाली असती की हे बारीक काम करून करून डोळे गेले, आणि रंगपेटी कपाटावर गेली असती. ही एक भीती. दुसरी, गोळीमुळे असेल तर डॉक्टर गोळी बंद करतील, आणि मग पाय जातील. आणि तिसरी भीती नव्हती, आशा होती. उद्या सकाळी डस्ट उडून गेलेली असेल आणि लाल परत आलेला असेल. रोज सकाळी मी रंगपेटी उघडून बघायचो. रोज तो आदल्या दिवसापेक्षा थोडा दूर गेलेला असायचा.

एका रविवारी प्रणाली माझ्यामागे उभी राहिली. मग म्हणाली, "पापा, कलगी भूरी क्यों बनाई?"

"तुऱ्यावरची सावली आहे ती."

"पूरी कलगी पे?"

"तुले काय समजते यातलं? जा, अभ्यास कर!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाहेर कोंबडा पळाला. ती गेली. तिनं माझी चित्रं ठेवायची फाइल नेली हे मला दिसलं नाही.

बाकावर

दर महिन्याच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. शाळेला सुटी होती म्हणून प्रणाली आली असेल असं मला वाटलं. बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोरून एक बाई एका माणसाला दंडाला धरून आणत होती. तो पाय उचलून उचलून टाकत होता, जसं पाण्यात चालतात तसं. मला चेहरा नीट दिसला नाही. तिनं त्याला माझ्या शेजारी बसवलं. तो मोकळ्या आवाजात तिला म्हणाला, "घाम हे के छाँव हे इहाँ?" म्हणजे, इथं ऊन आहे की सावली?

आवाजावरून ओळखलं. साहूजी.

मी म्हटलं, "साहूजी, मैं रामटेके. बाजूवाला बेड."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. हात चाचपडत पुढे आला आणि माझा गुडघा सापडल्यावर तिथंच थांबला. "भैया, रेंगत हस?" चालतोयस ना? मी हो म्हटलं. "बढ़िया," ते म्हणाले. "मोर पीठ घलो बने होगे." माझी पाठही बरी झाली. डोळ्यांबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांच्या बायकोनं सांगितलं, हळू आवाजात, मोतीबिंदू समजून घरीच बसलो, इथं यायला उशीर झाला.

त्यांच्या होत्या त्याच गोळ्या मी घेत होतो. आमचा नंबर पुकारला.

डॉक्टरांनी पाठीचं विचारलं, पायांचं विचारलं. मी म्हटलं, "साहब, थोड़ा धुंधला दिखता है."

त्यांनी वर पाहिलं. "कब से?"

रेखा माझ्याकडे बघत होती. "आठ दिन," मी म्हटलं.

"झूठ बोल रहे हैं पापा," प्रणाली म्हणाली.

तिनं पिशवीतून फाइल काढली आणि एकेक कोंबडा टेबलावर मांडला. रांग सरळ लावली. मग प्रत्येक चित्र उलटं करून मागची तारीख दाखवली आणि पुन्हा सुलटं केलं. डॉक्टर उभे राहिले. मला ते सगळे कोंबडे सारखेच, मातकट दिसत होते. त्यांना काय दिसलं ते मला रेखाच्या तोंडाकडे बघून कळलं. पहिल्या तुऱ्यावर तिचे डोळे थांबले, मग दुसऱ्यावर, मग शेवटच्यावर.

"चौबीस दिन," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. प्रणाली दारापाशी उभी होती, तिला तिथूनही दिसत असावेत. मला एकाही पानावर आकडा दिसला नाही.

चारपैकी डोळ्यांवर जाणारी एक गोळी त्याच दिवशी बंद झाली. मी विचारलं, डोळे परत येतील? ते म्हणाले, बहुतेकांचे येतात, वेळेवर थांबवलं तर. मी विचारलं, मी वेळेवर आलो का? ते म्हणाले, "बच्ची से पूछिए." मग जरा थांबून म्हणाले, हे महिन्यांनी कळेल.

रेखा

दोन दिवस रेखा ताट समोर ठेवायची आणि आत निघून जायची. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं गू-मूत काढलं मी. तेव्हा लाज नाही वाटली. अन् डोळ्याचं सांगाची लाज वाटली?"

"तू रंग काढून घेशील वाटलं."

तिचे हात थांबले. "मी?" एवढंच म्हणाली.

पुढचे तीन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. ठिपका आणखी वाढला. गोळी बंद केल्यावरही वाढू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. चेहरे गेले. प्रणालीचे केस दिसायचे, कान दिसायचे, मधात धूर. शिवाय औषध एक कमी, म्हणून मी परत चादरीखाली अंगठा हलवायला लागलो. आता दोन्हीकडून वाट बघणं होतं. साहूजींचा माझ्या गुडघ्यावर थांबलेला हात डोक्यातून जात नव्हता.

रंगपेटी मी स्वतःच कपाटावर ठेवली होती. एका रविवारी दुपारी रेखानं ती काढली, पाण्याची वाटी भरली आणि खुर्ची माझ्या शेजारी ओढली.

"काढा."

"मले दिसून नाही राहिलं, रेखा."

"बाजूनं दिसते ना? प्रणाली सांगे. बाजूनं पाहा. रंग मी सांगतो."

आणि तिनं सांगितले. दिवसभर साड्यांचे रंग सांगायचं काम करणारी बाई ती, तिच्यासारखे रंग कोणाला कळणार? "हा लाल घेऊ नका, हा चुडीचा लाल आहे. कोंबड्याचा थोडा पिकल्या टमाट्यासारखा. पाणी टाका. अजून. हां, बस." मी बाजूला बघत ब्रश टेकवायचो आणि ती "इकडं, जरा इकडं" म्हणत माझं मनगट हलवायची. तो कोंबडा काही फार चांगला नाही झाला. एक पाय हवेत आहे. भिंतीवर तोच लावला आहे.

आता

लाल परत आला. एका दिवसात नाही. ऑगस्ट संपता संपता एका सकाळी प्रणालीची रिबीन मला गुलाबी वाटली. मी म्हटलं, गुलाबी आहे का? ती म्हणाली, लाल आहे. तरी मी खूश झालो, तपकिरी नव्हती. दिवाळीपर्यंत ठिपक्यांच्या पुस्तकातले बरेचसे आकडे दिसायला लागले. उजवा डोळा जवळजवळ पूर्ण आला. डाव्यात मधोमध एक डाग राहिला आहे, तो राहणार. दीड वर्षानं गोळ्या संपल्या. पाठीला थोडं पोक आहे. क्रेनवर मला परत घेतलं नाही, बरोबरच आहे. मिलमध्येच स्टोअरला बसतो. साहूजींची गाठ पुन्हा पडली नाही.

जनावरं काढतोच. सध्या बीरगांवच्या तलावावर जातो, तिथं म्हशी डुंबतात. ओल्या म्हशीच्या पाठीवर जेवढे रंग असतात तेवढे मी दुसऱ्या कुठल्या जनावरावर पाहिले नाहीत.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला हाच आजार असेल, तर एवढंच. गोळी मनानं बंद करू नका आणि डोळ्यांतलं काही लपवू नका. त्याच दिवशी जा. डस्ट म्हणू नका, मोतीबिंदू म्हणू नका. तुमच्या घरी चित्रांमागे तारखा टाकणारं कोणी असेलच असं नाही.

गेल्या महिन्यात तलावावर मी सवयीप्रमाणे उजवा डोळा झाकून पाहिलं, आणि डाव्यातला डाग मोठा वाटला. आधी म्हशीचं फक्त तोंड जायचं, त्या दिवशी शिंगंही गेली. वाटलं, ऊन आहे. वाटलं, थकलो असेन. चित्र अर्धं झालं होतं आणि फार चांगलं होत होतं.

मी ब्रश पाण्यात टाकला आणि तिथूनच रेखाच्या दुकानात फोन लावला. "डाग वाढला वाटते," म्हटलं. ती तासाभरात आली. दुकानातला मापाचा टेप गळ्यात तसाच होता. डॉक्टरांनी अर्धा दिवस तपासलं. डाग होता तेवढाच आहे, म्हणाले, उन्हानं तसा भास झाला असेल. मी रेखाला म्हटलं, उगाच तुझी रोजी बुडवली.

ती गळ्यातला टेप काढून बोटाला गुंडाळत होती. "बुडू दे," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं."